पट्टीतला तिसरा फोटो

माझे बाबा ठाण्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूममध्ये होते. यंत्रांची मूळ ड्रॉइंगं पातळ ट्रेसिंग कागदावर असत आणि ती लोखंडी कपाटातून बाहेर निघत नसत. कामगारांच्या हातात जायच्या त्या त्यांच्यावरून काढलेल्या नकला, अमोनिया प्रिंटा. प्रिंट फाटली, तेलात बुडाली, कुणी तिच्यात वडापाव बांधून नेला, तरी बाबांच्या कपाळावर आठी पडत नसे. दुसरी काढून देत. पण मूळ कागदाला कुणी ओला हात लावला की हा शांत माणूस भर खात्यात ओरडायचा, असं त्यांचे सोबती आम्हाला सांगत. आम्हाला ते सहज खरं वाटायचं, कारण घरी फोटोंच्या बाबतीत तोच कायदा होता.

फोटो म्हणजे अल्बममधला कागद, असं आम्ही दोघी बहिणी समजायचो. बाबांच्या लेखी फोटो म्हणजे निगेटिव्ह. प्रत्येक रोलच्या पट्ट्या बटरपेपरच्या पाकिटात, पाकिटावर नंबर, नंबराची नोंद तारीख-प्रसंगासह वहीत, आणि सगळी पाकिटं बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात. वही आमच्याकडे डोंबिवलीला, अल्बम डोंबिवलीला, आणि डबा मात्र ठाण्याला, वर्तकनगरच्या वसाहतीत राहणाऱ्या आत्याच्या कपाटावर. "दोन्ही एका घरात ठेवलं म्हणजे काहीच ठेवलं नाही," असं ते म्हणत. आमच्या घरातलं होतं नव्हतं ते सोनं आणि घराचे कागद एकाच पेटीत एकावर एक पडलेले होते, त्याची त्यांना फिकीर नव्हती. निगेटिव्ह मात्र दुसऱ्या गावात.

वर्षातून एकदा, भाऊबीजेला, आत्याने ओवाळून झालं की बाबा तो डबा खाली काढायचे. फरशीवर वर्तमानपत्र पसरून एकेक पट्टी कडेने धरून खिडकीच्या उजेडात बघायचे. डब्यात ओल शोषणाऱ्या निळ्या दाण्यांची पुरचुंडी असे. कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांबरोबर ती यायची. दमट हवेने दाणे वर्षभरात गुलाबी पडत. मग आत्या करंज्यांच्या कढईशेजारी तवा ठेवून ते दाणे भाजून द्यायची, पुन्हा निळे होईपर्यंत. "माझ्या भावाने फराळाबरोबर हे एक खातं लावून दिलंय मला," म्हणायची, पण ढवळायची नीट.

आता ज्या फोटोबद्दल सांगायचंय त्याकडे येते. त्यात आई भिंतीला टेकून बसलेली आहे आणि तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ आहे. आई कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाळाकडे बघतेय. एरवी आई फोटोला उभी राहायची नाही. कॅमेरा निघाला की तिचं नेमकं आत काहीतरी उतू जायचं. तिचे बाकीचे फोटो लग्नातले, नाहीतर चार बायकांच्या मागून अर्धा चेहरा दिसणारे. तिच्या मांडीवर आमच्यापैकी कुणी आहे असा हा एकच.

धाकटी दीड वर्षाची असताना आई गेली. माझ्यात आणि तिच्यात आठ वर्षांचं अंतर. मला आईचा आवाज आठवतो, तिच्या हाताची चव आठवते, चिडली की ती माझं पूर्ण नाव घ्यायची ते आठवतं. धाकटीला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिच्या जन्मापासूनच आई आजारी होती. घरात दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, त्यात कॅमेरा कुणाला सुचणार?

धाकटी पाच वर्षांची असेल. एका दुपारी अल्बम मांडीवर घेऊन तिने विचारलं, "ताई, यात मी कुठंय?" मी तेरा वर्षांची होते, भांडी घासून हात पुसत होते. तिने पानं उलटली, पुन्हा उलटली. आईच्या एकाही फोटोत ती नव्हती, आणि हे तिला तेवढ्यात कळलं. तिचं तोंड रडवेलं होत चाललं. मी त्या मांडीवरच्या बाळावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ही काय तू."

ते बाळ मी होते. कल्याणच्या भाड्याच्या खोलीतला, माझ्या बारशाच्या दिवशीचा तो फोटो. धाकटीचा जन्म आम्ही डोंबिवलीला आल्यानंतरचा. पण फोटोत मागे नुसती भिंत, आणि तान्ह्या बाळाचा चेहरा कोणाचाही असतो. धाकटीने पान तोंडाशी नेलं आणि प्लास्टिकवरून आईचा पापा घेतला. त्यानंतर मला ते परत घेता आलं नाही. खरं तर घ्यावंसं वाटलंही नाही. संध्याकाळी बाबा आले तेव्हा तिने अल्बम पळत नेऊन दाखवला, "बाबा, ही मी." बाबांनी फोटो पाहिला. तो त्यांनीच काढलेला होता. "हो का," म्हणाले आणि चप्पल काढायला वळले. या विषयावर आम्ही दोघं पुढची दहा वर्षं एक शब्द बोललो नाही.

ते अल्बम त्या काळी घरोघरी होते. जाड पुठ्ठ्याच्या पानावर चिकट रेघा आणि वरून पारदर्शक प्लास्टिक. फोटो ठेवायचा, प्लास्टिक दाबायचं, झालं. बाबांना ते पसंत नव्हते, पण मामाने हौसेने आणलेला, म्हणून चालवून घेतला. आमच्याकडच्या हवेत तो गोंद वर्षागणिक घट्ट होत गेला. धाकटी ते एक पान सतत उघडायची, त्यामुळे ते सगळ्यात आधी खराब झालं.

ती दहावीत असताना दिवाळीच्या साफसफाईत तिने ठरवलं की हा फोटो काढून स्टुडिओत न्यायचा, मोठा करून घ्यायचा आणि आपल्या अभ्यासाच्या टेबलावर लावायचा. मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. तिने नखाने कोपरा उचलला आणि ओढला. फोटोचा वरचा पापुद्रा अर्धा प्लास्टिकला चिकटून आला, अर्धा खालच्या गोंदात राहिला. आईचा चेहरा मधोमध फाटला. मी ऑफिसातून आले तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, हातात ते प्लास्टिक होतं, आणि ती रडतसुद्धा नव्हती. दोन दिवस तिने नीट खाल्लं नाही. "माझा एकच होता," एवढंच म्हणत राहिली.

बाबा तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "अगं, फाटली ती प्रिंट," ते म्हणाले. "मूळ ठाण्याला आहे. भाऊबीजेला जायचंच आहे. घेऊन येऊ, तुला हवा तेवढा मोठा करू."

धाकटीच्या जिवात जीव आला. माझा मात्र कासावीस झाला. प्रिंट एकटी असते. तिच्याबद्दल काहीही सांगता येतं. निगेटिव्ह एकटी नसते. आमच्या कॅमेऱ्याच्या पट्टीत चार फोटो यायचे, चांगले मोठे. माझ्या बारशाला बायकांनी पाळण्यामागच्या पडद्यावर सोनेरी कागदाची अक्षरं कापून माझं नाव लावलं होतं, हे मी हजारदा ऐकलं होतं. बाबांनी त्या दिवशी पाळणा काढला असणार आणि लगेच पुढे आई. दोन्ही एकाच पट्टीत. धाकटीने ती पट्टी खिडकीशी धरली की संपलं.

"नंबर बघू का वहीत?" तिने उत्साहाने विचारलं.

"वही ऑफिसात आहे," बाबा म्हणाले. "आणि नंबर मला पाठ आहे."

वही त्यांच्या कपाटात रुमालांखाली होती. मी सकाळीच तिथे पाहिली होती. बाबांना मी त्याआधी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ही काळजी मी एकटी वाहत नव्हते.

त्या वर्षी दिवाळीतच सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. नुसत्या डोळ्यांनी बघू नका, आंधळे व्हाल, असं टीव्हीवर आठवडाभर सांगत होते, आणि ग्रहणाचे चष्मे दुकानांतून केव्हाच संपले होते. लोकांनी घरातले जुने एक्सरे काढले. आम्ही खिडक्या लावून घरातच बसलो. भाऊबीजेला तिघं ठाण्याला गेलो.

आत्याने बाबांना ओवाळलं. बाबांनी ताटात ओवाळणी घातली, उठले आणि स्टुलावर चढून डबा काढला. हातात घेताक्षणीच त्यांचा चेहरा बदलला. डबा हलका होता. झाकण उघडलं तर पुरचुंडी होती, पाकिटं होती, आणि बरीचशी पाकिटं रिकामी होती.

"ते होय?" आत्या म्हणाली. "अरे दादा, ग्रहणाला नाही का दिल्या. खालची सगळी पोरं काळी फिल्म मागत फिरत होती. एक्सरे कोणाकोणाकडे असणार? पोरांचे डोळे गेले असते रे. मी बघून बघून त्यातल्या चांगल्या काळ्याकुट्ट दिल्या."

निगेटिव्हमधून सूर्य बघणंही डोळ्यांना चांगलं नसतं, हे आम्हाला कुणालाच तेव्हा ठाऊक नव्हतं. आत्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं तिने तो डबा झुरळांपासून, पाहुण्यांपासून आणि स्वतःच्या मुलांपासून सांभाळला होता, तो भावाचा शब्द म्हणून. पण फोटो एकदा निघाला की ही काळी पट्टी म्हणजे मागे उरलेली साल, असंच तिला शेवटपर्यंत वाटत होतं. "फोटो आहेतच की तुमच्या अल्बममध्ये," ती म्हणाली.

बाबा स्टुलावरून उतरले. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी डबा खाली ठेवला आणि पाण्याचा तांब्या मागितला. पाणी हातात आलं तरी प्यायले नाहीत.

धाकटीने आत्याला सगळं सांगितलं. फाटलेलं पान, दहावी, टेबल. "आईच्या मांडीवर मी आहे ना, तो गं."

"तो होय? अगं, तो तर आपण कल्याणला..." आत्याने सुरुवात केली.

"चहा टाक," बाबा म्हणाले.

बाबा कुणाच्या घरी चहा मागत नसत, बहिणीच्याही नाही. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती फार शिकलेली नव्हती, पण तिला काही दोनदा सांगावं लागत नसे. "टाकते," म्हणाली आणि आत गेली. जाता जाता धाकटीच्या डोक्यावरून तिने हात फिरवला.

मग आम्ही त्या चार मजल्यांच्या इमारतीत दारोदार हिंडलो. आत्या पुढे, मागे धाकटी, मग मी, शेवटी बाबा रिकामी पाकिटं घेऊन. भाऊबीजेचा दिवस, घराघरात पाहुणे. प्रत्येक दारात आधी फराळ, मग विचारपूस, मग निगेटिव्ह. चकली हातात घेऊन आपल्याच आयुष्याचे तुकडे परत मागायचे, असा तो प्रकार होता. माणसं चांगली होती. कुणी गादीखाली शोधलं, कुणी कचऱ्याच्या बादलीत. एका पट्टीला अधिक काळी व्हावी म्हणून दिव्यावर धरून काजळी लावली होती. एक पट्टी कात्रीने दोन डोळ्यांच्या मापाची कापली होती. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून पिना मारल्या होत्या. बाबा प्रत्येक पट्टी घेत, "असू दे, असू दे" म्हणत पाकिटात घालत होते. माझ्या मामाची मुंज, डोंबिवलीच्या घराचा पहिला दिवस, बाबांचे वडील, सगळं ओरखडे पडून परत येत होतं.

त्या जिन्यावर माझ्या मनात काय चाललं होतं ते लिहायला मला अजून लाज वाटते. ती पट्टी मिळू नये असं मला वाटत होतं. आणि पुढच्याच पायरीवर धाकटीची वेणी समोर हलताना दिसली की वाटायचं, मिळू दे, काय व्हायचं ते होऊ दे. दोन्ही तितकंच खरं होतं. धाकटी प्रत्येक पट्टी बाबांच्या आधी ओढून उजेडात धरत होती. "ही नाही. हीपण नाही. मी ओळखेन बरोबर."

तिसऱ्या मजल्यावर सात-आठ वर्षांच्या एका मुलीने लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा चष्मा केला होता आणि त्यात पट्टी चिकटवली होती. चष्मा तिचा, ती द्यायला तयार नव्हती. धाकटी तिच्यासमोर उकिडवी बसली. "हे बघ, यात माझी आई आहे," ती म्हणाली. "मला दुसरी नाहीये." मुलीने तिच्याकडे बघितलं आणि चष्मा बाबांच्या हातात दिला, धाकटीच्या नाही, कारण मोठा माणूस तोच होता.

बाबांनी जिन्याच्या खिडकीशी जाऊन पट्टी पुठ्ठ्यापासून अलगद सोडवली आणि वर धरली. बराच वेळ धरली. मी त्यांच्या मागेच होते, मलाही दिसलं. पहिल्या चौकोनात पाळणा, आणि मागे पडद्यावर अक्षरं, काळ्यावर पांढरी दिसायच्या ऐवजी पांढऱ्यावर काळी, पण माझं नाव वाचता येत होतं. दुसऱ्यात पाळण्याभोवती बायका. तिसऱ्यात आई.

"मिळाली?" त्या मुलीची समजूत घालून धाकटी पायऱ्या चढून वर आली. "बघू, बघू."

"मिळाली," बाबा म्हणाले. पट्टी त्यांनी पाकिटात घातली आणि पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. "आता हात नको लावूस. आधीच ओरखडे पडलेत. चौथ्या मजल्यावरच्या राहिल्यात, त्या आत्याबरोबर जाऊन घेऊन ये."

ती उड्या मारत वर गेली. आम्ही दोघं आत्याच्या घरी आलो. बाबा स्वयंपाकघरात गेले आणि खिळ्याला अडकवलेली कात्री काढली. रोल धुऊन आला की स्टुडिओवाल्यांना ते बजावत, चारची पट्टी चारचीच राहू द्या, एकटा तुकडा हरवतो. कुणी एकच फोटो कापून मागितला, अगदी सख्ख्या मेहुण्याने, तरी त्यांनी दिला नव्हता. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली, आपला चष्मा कपाळावर सरकवला आणि दुसऱ्या-तिसऱ्या फोटोमधल्या बारीक रेघेवरून कात्री चालवली. मग तिसऱ्या-चौथ्यामधून. आईचा चौकोन त्यांनी पाकिटात ठेवला. उरलेले दोन तुकडे माझ्यासमोर धरले.

"हे तू ठेव," ते म्हणाले. "तिला एवढं पुरे."

मी हात पुढे केला नाही. मला एकदम फार राग आला, कशाचा ते सांगता येणार नाही. दहा वर्षं त्यांनी बघितलं होतं. मी तेरा वर्षांची असताना आईच्या मांडीवरून उठले आणि बहिणीला बसवलं, हे त्यांनी बघितलं होतं आणि चप्पल काढायला वळले होते. कधीतरी एकदा मला जवळ बोलावून म्हणायचं होतं ना काहीतरी. त्यांनीही तेच ओळखलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली गेला. "तुझा होता तो," म्हणाले. "मला ठाऊक आहे, बाळा. मला रोज ठाऊक होतं." मग मात्र मी रडले, आत्याच्या ओट्याला धरून, आणि ते तुकडे घेतले. ते माझ्याकडे अजून आहेत. त्यांची प्रिंट मी कधी काढली नाही.

डोंबिवलीच्या स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह दिव्यावर धरून मान हलवली. पण माणूस कसबी होता. बारीक ब्रशने त्याने प्रिंटवरचे बहुतेक ओरखडे मिटवले. आईच्या खांद्यावरून एक रेघ जाते ती तेवढी राहिली. बाबांनी तीन प्रती काढायला सांगितल्या, एक घरी, एक मामाकडे, एक आत्याकडे. नवी निगेटिव्हही करून घेतली आणि ती आपल्या कारखान्यातल्या कपाटात ठेवली.

चौकटीतला फोटो घरी आला त्या संध्याकाळी धाकटीने टेबल पुसलं, पुस्तकं एका बाजूला लावली आणि फोटो मधोमध ठेवला. मग दोन पावलं मागे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. बाबा पलंगावर पेपर वाचत होते. बराच वेळ ती बघत राहिली, आणि मग तिला एकदम काहीतरी सुचल्यासारखं झालं. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिला माझ्यासाठी वाईट वाटत होतं, अगदी मनापासून.

"ताई, तुझा एकपण नाही ना गं आईबरोबर?"

बाबांचा पेपर हलायचा थांबला.

"नाही," मी म्हटलं.

तिने माझा दंड धरला. "तू लग्न होऊन गेलीस ना, तरी येत जा बघायला," ती म्हणाली. "न्यायला नाही देणार मी. पण बघायला देईन."

येत जाईन, मी म्हटलं.